ऑस्लोत आपलं कोणी नाही

तोंडात घास असताना माणसाने आश्वासन देऊ नये. इस्लामपूरच्या जयराजने ते दिलं, आणि दिलं तेही बायकोला.

"जूनमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं होतील," आमटी वाढता वाढता संयोगिता म्हणाली.

"मग सांग की कुठं जायचं. तू म्हणशील तिथं नेतो."

खरं तर आमटीत मीठ कमी आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर मिठाचा विषय बरा दिसेना, म्हणून त्याच्या जागी हे वाक्य निघून गेलं.

संयोगिताने पळी खाली ठेवली. ती हायस्कुलात बावीस वर्षं भूगोल शिकवते. तिने हातातलं काही खाली ठेवलं की साठ पोरांचा वर्ग चिडीचूप होतो. इथे तर जयराज एकटाच होता.

"एकच अट," ती म्हणाली. "जिथं आपलं कोणी नाही तिथं जायचं. फक्त दोघांनी."

या अटीला पंचवीस वर्षांचा इतिहास होता. लग्नानंतर हे जोडपं महाबळेश्वरला गेलं, तेव्हा जयराजने भाड्याची जीप ठरवली होती. "गाडी रिकामीच जातीया न्हवं?" एवढ्या एका वाक्यावर तीत अकरा माणसं चढली. सूर्यास्ताचा फोटो अजून भिंतीवर आहे. त्यात नवरा-नवरीच्या मधोमध जयराजची आत्या बनुबाई बसली आहे आणि सूर्य तिच्या पदराआड मावळला आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत माणसं बदलली, गाड्या बदलल्या, पण गाडी रिकामी कधी गेली नाही.

आश्वासन निस्तरायला जयराज नकाशा घेऊन बसला. गोव्यात मेव्हणा होता. काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत जिथे बर्फ पडतो तिथे तालुक्यातला एक तरी जवान उभा असतो, आणि तो रजा टाकून गाव दाखवायला येतो. बाकीच्या हिंदुस्थानात सोनं-चांदी गाळणारी विटा-आटपाडीकडची माणसं पसरलेली. संयोगिताचं माहेर विट्याचं. पाच वर्षांपूर्वी दोघं कोणाला न सांगता कोचीला गेली होती. स्टेशनच्या पायऱ्या उतरतात तोच समोरून हाक आली, "आवं दाजी!" पुढचे चार दिवस त्या दाजींनी कोचीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर मटण खाण्यात काढले. समुद्र खिडकीतून दिसायचा म्हणतात.

दुबईत भाचा, लंडनला चुलतभावाची सून, अमेरिकेत तर निम्मी आळी. संयोगिताचं बोट नकाशावर वर वर सरकत गेलं आणि पार टोकाशी थांबलं.

"नॉर्वे," ती म्हणाली. "राजधानी ऑस्लो. आहे कोणी?"

जयराजने भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप वरपासून खालपर्यंत तपासला. एकशे अठ्ठावीस माणसं, पण ऑस्लोत एकही नाही. त्याला एकदम पोरकं वाटलं. संयोगिताला मात्र पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

जायचं फक्त शनिवार-रविवार. यामागे अर्थशास्त्र नव्हतं, गुप्तता होती. चार दिवसांहून जास्त घराला कुलूप दिसलं की भावकी पोलीसपाटलाला बरोबर घेऊन येते. तेव्हा गुरुवारी रात्री उडायचं, शुक्रवारी दुपारी पोचायचं, रविवारी संध्याकाळी परत निघायचं. कोणी विचारलंच, तर "शंभूराजकडं पुण्याला गेलो होतो." शंभूराज हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तेवीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअर.

जयराज साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात क्लार्क आहे. कोणाच्या रानात कोणत्या दिवशी ऊसतोड, याचा कार्यक्रम तो आखतो. (त्याच्या कार्यक्रमाप्रमाणे आजवर एकाही शेतकऱ्याचा ऊस त्या दिवशी तुटलेला नाही. पण कार्यक्रम वेळेवर फळ्यावर लागतो, आणि या देशात तेवढ्यावर बढत्या मिळतात.) ऑस्लोचा कार्यक्रमही त्याने त्याच तक्त्यात बसवला.

संयोगिता लाल पेन घेऊन तपासायला बसली.

"शनिवार, दहा वीस ते दहा चाळीस, फ्योर्ड पाहणे. वीस मिनिटं?"

"समुद्राचंच पाणी आत घुसलंय की. किती वेळ बघायचं?"

"दहा चाळीस ते अकरा, पुतळ्यांची बाग. अहो, दोनशेच्या वर पुतळे आहेत तिथं."

"सगळे उघडे आहेत. मी फोटो बघितलेत. वीस मिनिटंच जास्त होतायत."

"आणि विश्रांती?"

"विमानात."

पेन पुढे सरकलं आणि एका ओळीवर अडलं. शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, भेटीगाठी.

"कोणाच्या भेटीगाठी?"

जयराजलाही सांगता येईना. हाताच्या सवयीने लिहिलं गेलं होतं. संयोगिताने त्या ओळीवर अशी काट मारली की कागद फाटला.

व्हिसाचे कागद करायला ते मुद्दाम कराडजवळ मलकापूरला गेले. इस्लामपुरात झेरॉक्सवाल्यालाही भावकीच निघते. मलकापूरचा एजंट सिद्धू चुणचुणीत होता. त्याने अर्ज उघडला.

"तिकडं तुमचं कोण हाय, सर?"

"कोणी नाही."

"लांबचं?"

"लांबचंही नाही."

सिद्धूने कीबोर्डवरची बोटं उचलली. "मग कशाला जाताय?"

"म्हणूनच," संयोगिता म्हणाली.

अर्जातली गोम सिद्धूने समजावली. बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. हा माणूस परत येईल का? तेवढं साहेबाला पटलं की शिक्का बसला. "खात्री करायला दिल्लीस्नं फोनबी येतो कवा कवा. ऑफिसचा नंबर टाका."

जयराजने शेतकी ऑफिसचा नंबर टाकला. ऑफिसात मात्र कोणाला काही सांगितलं नाही. विशेषतः शेजारच्या टेबलावरच्या लालासाहेबाला तर नाहीच, कारण लालासाहेबाला सांगणं आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगणं यात फरक एवढाच, की भोंग्याला वीज लागते.

पुढे पंधरा दिवस जयराज ऑफिसातला फोन वाजला की बेडकासारखा उडी मारून उचलायचा. सोळाव्या दिवशी त्याला उसाच्या लागणीच्या नोंदी बघायला रानात पाठवलं, आणि फोन त्याच दिवशी आला.

दुपारी चिखलाचे बूट घेऊन तो परत आला, तेव्हा लालासाहेब दारातच उभा होता. त्याने जयराजला कवेत घेतलं.

"पेढं काढ गड्या! दिल्लीचं स्थळ आलंय!"

"कसलं स्थळ?"

"शंभूराजला रं! बाईचा फोन आलता दिल्लीस्नं. कुठल्या कचेरीतनं बोलतीय म्हणली. बडी माणसं, सेक्रेटरीकडनं चौकशी करत्यात. जयराज इथंच काम करतात का, किती वर्षं झाली, घरी कोण कोण असतं, सगळं खोदून खोदून इचारलं बाईनं."

आता यात लालासाहेबाची चूक म्हणाल, तर काय म्हणणार? आपल्या भागात अनोळखी माणसाने फोन करून अमका कसा आहे, पगार किती, जमीन किती असं विचारलं की त्याचा अर्थ एकच असतो. घरात लग्नाचा मुलगा असेल, तर दुसरा अर्थ असूच शकत नाही. आणि स्थळाची चौकशी आली की हातचं न राखता चांगलं सांगायचं, हा इथला धर्म आहे. सात जन्माचा वैरी असला तरी त्याच्या पोराच्या लग्नात कोणी खोडा घालत नाही. लालासाहेब तर मित्र होता.

"तू... काय काय सांगितलंस?" जयराजचा आवाज बुटातल्या चिखलातून आल्यासारखा आला.

"काय सांगायचं शिल्लक ठेवलं न्हाई! बाई म्हणली, नौकरी पक्की है क्या? मी म्हटलं, मॅडम, नौकरी तो शौक के वास्ते करते है. मन में आया तो कल छोड देंगे."

जयराज खुर्चीवर बसला.

"म्हणली, जमीन-जायदाद? मी म्हटलं, बहोत है, पर उस में इनका जीव नहीं अडका है. भावकी देखती है. म्हंजे कसं, पोरीला रानात राबावं लागणार न्हाई, हे कळाया पायजे न्हवं?"

"आणखी?"

"मग लय मुद्द्याचं इचारलं बघ. परदेस जानेवाले है ना? मला तर म्हाईतच न्हवतं! पर मी म्हटलं, आता मागं हटायचं न्हाई. हां हां, जानेवाले है! म्हणली, वापस आएंगे?" लालासाहेबाने छाती पुढे काढली. "मी म्हटलं, वापस कशाला आयेंगे मॅडम? एक बार गया तो गया! लडका बी उधर, मां-बाप बी उधर. सब सेटल!"

"आणि बाई काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणली. लय खूश हुती."

लग्न जमवायला जे जे सांगावं लागतं, त्यातल्या एकेका वाक्याने व्हिसा मोडतो, हा शोध जयराजला त्या खुर्चीत लागला. शोध लावणाऱ्यांच्या वाट्याला येतं तेच त्याच्याही वाट्याला आलं. ऐकायला कोणी नव्हतं. लालासाहेब पेढे आणायला गेला होता.

संध्याकाळी जयराज घरी पोचला, तर ओसरीवर पंचवीस-तीस चपला. लालासाहेबाचा भोंगा त्याच्या आधी घरी पोचला होता. मधोमध थोरले बंधू बाळासो बसले होते. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, पण अंगातून सैन्य अजून निवृत्त झालेलं नाही. शेजारी बनुबाई आत्या, वय ऐंशी, आवाज चाळिशीतला.

"दिल्लीवालं म्हंजे कुठलं?" बाळासो गरजले. "मी तीन वर्षं दिल्ली कँटला हुतो. मला इचारल्याबिगर सोयरीक ठरवायची न्हाई."

"पोरगी भाकरी थापती का?" आत्याने विचारलं.

खरं सांगावं, तर ऑस्लो उघडं पडतं. खोटं सांगावं, तर पोराचं लग्न लागतं. जयराजने स्वभावाप्रमाणे दोन्हीच्या मधली वाट धरली. "अजून... चौकशीच चाललीय," तो म्हणाला. एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"पप्पा," शंभूराज पुण्याहून विचारत होता, "माझं लग्न ठरलंय का? आतापर्यंत नऊ जणांनी माझं अभिनंदन केलंय."

स्वयंपाकघरात संयोगिता तिसाव्या माणसाचा चहा गाळत होती. तिने जयराजकडे नुसतं पाहिलं. वीस मिनिटांत फ्योर्ड उरकणाऱ्या माणसालाही ते पाहणं फार वेळ चाललंय असं वाटलं.

चौथ्या दिवशी मेल आला. भाषा गोड होती, अर्थ कडू होता. आपण परत याल याबद्दल आमची खात्री पटलेली नाही. आपण मायदेशाशी किती घट्ट बांधलेले आहात याचे पुरावे दहा दिवसांत पाठवा, अन्यथा अर्ज नाकारण्यात येईल.

"जाऊ दे," जयराज म्हणाला. "पुढच्या वर्षी पन्हाळ्याला जाऊ."

"पन्हाळ्याला तुमच्या चुलतबहिणीचं हॉटेल आहे," संयोगिता म्हणाली. मग तिने मेल पुन्हा वाचला, दोनदा वाचला, आणि लाल पेन काढलं. "घट्ट बांधलेले आहात याचा पुरावा. हेच मागितलंय ना? मग देऊ की. आपल्याइतकं बांधलेलं जगात कोण आहे?"

"म्हणजे?"

"बोलवा सगळ्यांना. रविवारी, अकरा वाजता."

ज्यांच्यापासून पळायचं, त्यांच्याच सह्या घेऊन पळायचं! जयराजने हात जोडले, पण पंचवीस वर्षं वाट पाहिलेल्या बाईपुढे जोडलेल्या हातांचा उपयोग होत नाही.

रविवारी अंगणात सतरंज्या पडल्या. संयोगिता उभी राहिली आणि तिने वर्गात सांगावं तसं सरळ सांगितलं. दिल्लीचं स्थळ नाही. आम्ही दोघं ऑस्लोला चाललोय. दोन दिवस. तुमच्यापैकी कोणालाही न घेता. आणि त्यासाठी तुम्हा सगळ्यांच्या सह्या हव्यात.

मग बनुबाई आत्या म्हणाली, "तिथं आपलं कोन हाय?"

"कोणी नाही, आत्या."

"अगं बया! मग जेवायला कुनाकडं?"

"हॉटेलात."

"पाहुणं असून हॉटेलात?"

"आत्या, तिथं पाहुणे म्हणावं असं नात्याचं कोणीच नाही!"

आत्याने जयराजकडे बघितलं. ते बघणं अनाथ पोराकडे बघायचं होतं. "आन् आमाला का न्हाई नेत? विमान रिकामंच जातंय न्हवं?"

"सही कसली हाय?" बाळासोंनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं. "आम्ही खाली सह्या करणार असे लिहून देतो की, सदर इसम जयराज व त्यांची पत्नी यांचे समस्त नातेवाईक आम्हीच असून, त्यांना आमच्यावाचून राहता येत नाही. ते मुदतीत परत न आल्यास त्यांना परत आणण्याची जबाबदारी आमची राहील."

"आनू की," मागून कोणीतरी म्हणालं. "पन रस्ता कुठनं हाय?"

"सूनबाई," बाळासो कागदावरून मान वर करून म्हणाले, "आमाला सोडून चाललीस, आनी आमच्याच सह्या मागतीस?"

"होय भाऊजी," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज जरा हलला, पण पेन पुढेच राहिलं. "पंचवीस वर्षं तुम्ही सगळे बरोबर होता. मी कधी कुरकुर केली? दोनच दिवस मागतेय."

बाळासोंनी तिच्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि हुद्दा-फोननंबरासकट सही ठोकली. मग कोणी मागे राहिलं नाही. एकेचाळीस सह्या झाल्या. बनुबाईने अंगठा उठवला, आणि एक कमी पडायला नको म्हणून दोनदा उठवला. भाषांतर झालं, नोटरी झाली, अंगणातला एकत्र फोटोही जोडला. फोटोत जयराज कुठे आहे, हे बाण काढून दाखवावं लागलं.

आठवड्याने त्याच बाईचा फोन आला, तो थेट बाळासोंना. ते उभे राहून बोलले.

"जी मॅडम! सुभेदार बोल रहा हूं! सौ टका वापस आयेगा! ये आदमी ससुराल में दो रात नहीं टिकता, मॅडम. अपना तकिया नहीं मिला तो रोता है. कंपनी के काम से नागपूर भेजा था, दूसरे दिन वापस! परदेस में ये रह ही नहीं सकता. इस में इतनी हिम्मत नहीं है. जय हिंद!"

जयराज समोरच बसला होता. त्याचा कारखाना 'कंपनी' कधी झाला हे विचारायची सोय नव्हती. व्हिसा मंजूर झाला. म्हणजे त्याच्यात हिंमत नाही, यावर आता दोन देशांचं एकमत झालं होतं.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता जयराज आणि संयोगिता ऑस्लोत पाण्याकाठच्या बाकावर बसले होते. समोर ऑपेराची पांढरी इमारत थेट पाण्यात उतरली होती आणि माणसं तिच्या छपरावर चढून फिरत होती. आदल्या रात्री साडेदहापर्यंत उजेड होता. कोणी हाक मारली नाही. कोणी जेवायला बोलावलं नाही. बाकावर दोघांच्या मधे कोणी बसलं नाही.

संयोगिताने फोन बंद करून पर्सच्या तळाशी घातला होता. तिने डोळे मिटले, तोंड उन्हाकडे केलं, आणि ती हसली. पंचवीस वर्षांत जयराजने तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. वीस मिनिटं झाली तरी ती फ्योर्डवरून उठायचं नाव घेईना.

जयराजही शांत बसला. पाच मिनिटं बसला. दहा मिनिटं बसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूची माणसं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती. कोणाला सांगावं, की पाणी बघा कसं निळं आहे? शेवटी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून तो उठला आणि खांबाआड जाऊन त्याने घरी फोन लावला. चावी बनुबाई आत्याकडे होती. दोन दिवसांत आपल्यावाचून घराची काय दशा झाली असेल, या विचाराने त्याचे डोळे भरून आले होते.

फोन उचलला गेला. मागे हसण्याचा गलका, ताटांचा आवाज. इस्लामपुरात दुपारचे दोन वाजले होते.

"कोन? जयराज? काय रं, काय झालं?"

"काही नाही आत्या. सहज. घरी कोण आहे?"

"सगळीच हायती की! बाळासोनं बकरं आणलंय. लालासाहेबबी आलाय. तू न्हाईस म्हणून तर जमलोय."

"मी नाही म्हणून?"

"तर काय! तू असलास की कुनी कवा बसायचं, कुनी कवा उठायचं, पंगत किती वाजता, समदं तक्त्यात लिवून लावतूस. आज लय निवांत हाय बघ." आत्याने लांब कोणाला तरी रस्सा वाढायला सांगितलं. "सूनबाई बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. आत्या, आम्ही सोमवारी येतोच आहोत."

"इतक्यात?" आत्याने बहुतेक हाताने फोन झाकून विचारविनिमय केला. मग तिचा चाळिशीतला आवाज ऑस्लोच्या खांबाआड खणखणीत आला.

"हे बघ, घाई करू नगंस. तुला परत आणायची सही आमी केलीया न्हवं? मग आमाला वाटंल तवा आणू."